भंगारात दिलेली वस्तू आणि आपली जबाबदारी

बिघडलेला मोबाइल किंवा जुना टीव्ही भंगारवाल्याच्या हाती देऊन पैसे घेतले की व्यवहार पूर्ण झाला, अशी आपली समजूत असते. वस्तू आपल्या मालकीची होती, घेणाऱ्याने ती राजीखुशीने घेतली. मग पुढे तिचे काय झाले, याचा जाब आखिरतमध्ये आपल्याला का विचारला जावा?

प्रश्न गैरवाजवी नाही. फिकहमध्येही प्रत्यक्ष कृत्य करणारा आणि केवळ कारण ठरणारा, असा भेद केलेला आहे. उस्मानी राजवटीत संकलित झालेल्या ‘मजल्ला’ या कायदेसंहितेनुसार दोघे एकत्र आले, तर दायित्व प्रत्यक्ष कृत्य करणाऱ्यावर येते. परंतु फुकहांनी दुसरेही एक उदाहरण दिले आहे. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवानगी खड्डा खणणारा, कोणी त्यात पडल्यास भरपाईस बांधील ठरतो. त्याने कोणाला ढकललेले नसते, तरीही.

आपला मोबाइल कोणत्या खड्ड्यात जातो? दिल्लीच्या सीलमपुरात आणि मुरादाबादेत तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या गेल्या, सोन्याच्या अंशासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवले गेले. मुरादाबादेतील राख रामगंगेच्या काठापर्यंत पोहोचली. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते आणि शिसे सर्वाधिक बाधते ते लहान मुलांच्या मेंदूला. हे काम करणारे पोटासाठी करतात, त्यांत आपले बांधवही आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ‘राजीखुशी’चा युक्तिवाद माझ्या मते येथे टिकत नाही. राजी होण्यासाठी धोका ठाऊक असावा लागतो, आणि धुराशेजारी खेळणाऱ्या मुलाची संमती तर कोणीच घेतलेली नसते.

२०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील एक चतुर्थांशाहूनही कमी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात आला.

वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. ती उचलून दुसऱ्याच्या वाटेत टाकावी, असे मात्र शिकवत नाही. प्रेषित (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे ह. आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. चालू स्थितीतील फोन केवळ नवा आला म्हणून बदलणे इस्राफच्या किती जवळ जाते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नोंदणीकृत केंद्रेही आहेत. तेथे भाव कमी मिळतो, कधी मिळतही नाही. अडचण खरी तीच आहे. मशिदीच्या व्यवस्थापनाने महिन्यातून एका जुम्याला मोहल्ल्यातील असा कचरा जमा करावा आणि तो केंद्रापर्यंत नेण्याचे काम मोहल्ल्यातल्याच भंगारवाल्याला मजुरी देऊन सोपवावे. त्याची रोजी चालू राहील आणि तार जाळण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.