चार तळहात

गाडी बंद आहे. इंजिन गार आहे. जरा खाली बसा.

नोव्हेंबरची सकाळ आहे, न्यू जर्सीतली. एडिसनमधल्या एखाद्या सोसायटीमागचा पार्किंग लॉट धरून चाला. ओकची पानं बॉनेटवर पडली आहेत. पडू द्या. आज कुठे निघायचं नाही.

पुढच्या चाकापाशी उकिडवे बसा. गुडघे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आता तळहात टायरवर ठेवा.

गार लागतं. थोडं खरखरीत. खाचेत अडकलेला बारीक खडा बोटाला लागतो. तो काढू नका. अजून नको.

एक श्वास.

हात तिथेच असू द्या आणि नजर खाली न्या. टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंत.

ती जागा दिसत नाही. तिच्यावर गाडी बसली आहे. पण तिचं माप तुमच्यापाशी आहे: तुमचा तळहात. साधारण एवढीच जागा रस्त्याला टेकलेली असते.

चार चाकं. चार तळहात.

दीड टनाची गाडी, मागच्या सीटवर झोपलेलं पोर, डिकीतलं वाणसामान. सगळा भार या चार तळहातांवर. ताशी ६५ मैलांनी पळतानाही जागा तेवढीच.

इथे जरा थांबा.

ब्रेक दाबला की ब्रेक चाकाला आवरतो. गाडीला आवरते ती ही जागा. वळणावर गाडीला धरून ठेवते तीही हीच. आणि पाऊस जोरात आला, पाणी खाचांमधून निसटायला वेळ मिळाला नाही, की गाडी पाण्यावर तरंगते. स्टीअरिंग अचानक हलकं होतं. हातात काहीच नसल्यासारखं.

तो हलकेपणा आठवतो का? आठवत असेल तर क्षणभर आठवू द्या. मग सोडून द्या.

नवे टायर कोणते घ्यायचे, दुकानं, किमती, कोणाचा तरी आग्रह, सगळं नंतर. आधी एवढी जागा.

एक श्वास.

आता बोट टायरच्या बाजूवर आणा. उठावाची अक्षरं लागतात. सावकाश फिरवा.

२२५/४५ आर १७, ९४ डब्ल्यू. समजा असं लिहिलं आहे. रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची. ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची सोय.

टर्नपाइकवर कोणी तेवढ्या वेगानं जात नाही. जाऊही नये. पण तो वेग सोसायला बांधलेला टायर साध्या वळणावरही कमी डुलतो, स्टीअरिंग जरासं वळवलं की लगेच ऐकतो. हाय परफॉर्मन्स टायरसाठी चार पैसे जास्त मोजायचे ते या ऐकण्यासाठी. बाजूची उंची कमी, म्हणून खड्डाही जास्त कळतो. तेही याच पैशांत.

आकडे पुरे. हात परत रबरावर.

हे रबर मुळात काळं नव्हतं. त्यातलं काही झाडातून आलं आहे. दोडामार्गकडे रबराची बाग पाहिली असेल तर आठवा: खोडाला तिरकी चीर, खाली बांधलेली वाटी, त्यात ठिबकणारा पांढरा चीक. तो चीक, कारखान्यातलं कृत्रिम रबर, काजळीसारखी काळी पूड, सिलिका, तेल, गंधक. काळा रंग त्या पुडीचा. ओल्या रस्त्यावरची पकड पुष्कळशी सिलिकेची.

बोटानं हलकेच दाबा.

दबतं का? किती?

सगळं काही या दबण्यात आहे. रस्ता गुळगुळीत दिसतो, पण बारीक बारीक उंचसखल असतो. रबर त्या उंचसखलपणात उतरतं, म्हणून धरतं. कडक झालं की वरच्यावर राहतं, म्हणून सुटतं.

उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. रस्ता कोरडा असतो. आकाश निळं असतं. बर्फाचा कणही नसतो. पकड मात्र कमी झालेली असते, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही.

ऑल सीझन टायरचं रबर थंडीतही जरा मऊ राहावं म्हणून वेगळं मळलेलं असतं. तो मऊपणा जुलैच्या तापल्या डांबरावरही सोबत येतो. तिथे उन्हाळी टायर जास्त घट्ट धरतो. खोल बर्फात हिवाळी टायर जास्त धरतो. ऑल सीझन दोघांच्या मध्ये उभा आहे. जाहिरातीत तसं म्हणत नाहीत.

मध्ये उभं राहण्यात वाईट काही नाही. फक्त ते आधी बघून घ्यावं.

डोळे मिटा.

मागचा हिवाळा येऊ द्या. बातम्यांतला नको. तुमच्या रस्त्यावरचा.

पहाटे बर्फ लोटणारी नांगराची गाडी येते तो आवाज. मिठाचे पांढरे डाग. घरून काम करा असा निरोप. रस्त्यावर खरोखर बर्फ होता आणि तुम्हाला निघावंच लागलं, असा दिवस डोळ्यांपुढे येतो का?

मोजू नका. नुसतं बघा.

मग पाऊस येऊ द्या. एप्रिलचा, ऑक्टोबरचा. वायपर, पुढच्या ट्रकचे तुषार, रस्ता आणि आकाश एकाच रंगाचं.

तुम्ही पुण्या-मुंबईहून आला असाल तर पाऊस अंगात मुरलेला आहे. तो पायाला कळतो. काळा बर्फ कळत नाही. तो ओल्या डांबरासारखाच दिसतो.

तुमच्या वर्षात जास्त काय आहे?

उत्तर बफेलोतून वेगळं येईल, मिनियापोलिसमधून वेगळं. तिथे हिवाळ्याचे चार टायर निराळे घ्यावेत, आणि यात फार विचार करण्यासारखं काही नाही असं माझं मत आहे. एडिसनमधून उत्तर बहुधा पावसाचं येतं, अधूनमधून थोड्या बर्फाचं. पुण्यात राहणाऱ्या भावाला हा प्रश्नच पडत नाही. त्याच्या टायरला ऊन आणि पाणी एवढंच बघायचं असतं.

उत्तर आलं नसेल तर बसून राहा. घाई नाही.

डोळे उघडा. बाजूवर दोन खुणा शोधा.

एक, एम अधिक एस. चिखल आणि बर्फ. ती खाचांच्या रचनेवरून मिळते. त्यासाठी बर्फावर चालवून बघावं लागत नाही.

दुसरी, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. ती मिळवायला टायर दाबलेल्या बर्फावर चालवून बघतात. ओढ बघतात, वळण नाही. गोठलेल्या काचेसारख्या बर्फाचं तर ती काहीच सांगत नाही.

बोट त्या डोंगरावर ठेवा. नसेल तर नसेल.

आता हात परत नक्षीवर. खाचांमधून बोट आडवं न्या.

बाहेरच्या बाजूचे ठोकळे मोठे लागतात. वळणावर भार तिकडे जातो, म्हणून. मधल्या रुंद खाचा पाणी वाहून न्यायला. ठोकळ्यांवर पात्यानं चिरल्यासारख्या बारीक रेघा आहेत. बर्फात त्या रेघांच्या कडा चावतात.

कोऱ्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत १.६ ही शेवटची मर्यादा आहे. लोक पेनीचं नाणं खाचेत उलटं घालून बघतात. लिंकनचं डोकं अख्खं दिसलं, की टायर संपला.

पण तो एकदम संपत नाही.

कॉन्टिनेन्टलच्या एका टायरवर हे चक्क लिहून ठेवलं आहे. नक्षीत तीन अक्षरं कोरलेली असतात: डी, डब्ल्यू, एस. कोरडा, ओला, बर्फ. रबर झिजत जातं. आधी एस पुसला जातो. टायर अजून दणकट दिसतो, पण बर्फापुरती खोली गेली. मग डब्ल्यू जातो. पाण्यापुरती खोली गेली. उरतो डी.

इथे जास्त वेळ थांबा.

एकेक ऋतू टायर सोडून जातो आहे. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणारा तोच. आवाज नाही, दिवा लागत नाही.

तुमच्या हाताखाली आत्ता किती ऋतू उरले आहेत?

बोट खाचेत बुडवा. खोली जाणवू द्या. आधीचा खडा आता काढला तरी चालेल.

एक श्वास.

सावकाश उठा. धरायला बॉनेट आहे.

दुकानात झिजेचा आकडा दाखवतील, ५०० वगैरे. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या रस्त्यांवर टायर पळवून तो काढतात, पण शेवटी छापते कंपनीच. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार जीव टाकू नका. आकड्यासोबत एए अशी श्रेणीही दाखवतील, ती ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याची आहे. वळण त्यात नाही.

काउंटरवरचा माणूस विचारेल, काय हवंय? मघाशी डोळे मिटून जे दिसलं ते सांगा. पाऊस जास्त, बर्फ थोडा, वळणांचा रस्ता, मागे पोर झोपतं.

चारही एकसारखे घ्या. बाजूवर डीओटी या अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा. ३८२५ असेल तर २०२५ सालचा ३८ वा आठवडा. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना. बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही.

नवं रबर सुरुवातीला निसरडं असतं. पहिले काहीशे मैल जरा दबकत चालवा. आणि ५० ते १०० मैल झाले की चाकांचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासून घ्या. बरीच दुकानं त्याचे पैसे घेत नाहीत.