अवघड नेमकं काय असावं?

कात्रजला राहणाऱ्याला अवघडपणाचा थोडा अभिमान आपोआप चिकटतो. जुन्या बोगद्यापासून रात्री निघून सिंहगडावर पोचणारा ट्रेक इथूनच सुरू होतो. वाटेत टेकड्या किती, यावर दोन ट्रेकर्सचं एकमत होत नाही, पण दमलो किती हे दोघंही रंगवून सांगतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या मित्रानं या गप्पा भरपूर ऐकल्यात. त्याची ट्रेकबद्दल तक्रार नाही. डोंगर काही कुणाला वगळायला उभा राहिलेला नाही, म्हणतो. त्याचा राग फुटपाथच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांवर.

जिओकॅशिंगचा नाद त्यानंच लावला. नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएसची अचूकता मुद्दाम कमी ठेवणं अमेरिकेनं मे २०००च्या सुरुवातीला थांबवलं, आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मरनं ओरेगॉनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर लोक डबे लपवतात, शोधतात, आतल्या वहीत सही करून डबा जागेवर ठेवतात. प्रत्येक डब्याला १ ते ५ मधले दोन आकडे मिळतात : शोधायला किती अवघड, आणि पोचायला किती अवघड. पोचण्याचा आकडा १ म्हणजे तिथवर व्हीलचेअर जाते. (आमच्या ऑफिसातही बगची सिव्हिरिटी वेगळी, प्रायॉरिटी वेगळी. निम्मी भांडणं ही दोन एकच समजल्यामुळे होतात.)

सध्या आमच्या ग्रुपची कोर्लईची सहल ठरतेय. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी किल्ला, त्याच्या उतारावर दीपगृह. डबा आमचाच, खेळणारेही आम्हीच. एकानं सुचवलं, "डबा वर ठेवू. आपण काढून त्याच्या हातात देऊ, सही तो करेल." हेतू चांगलाच होता. मित्र म्हणाला, "मग कुरिअरनं पाठवा की. कोर्लईपर्यंत कशाला नेता?"

त्याला सोपं नकोय. शोध ५चा हवाय, वाट १ची. तोच डबा सात फुटांवर ठेवला काय आणि बसल्या हाताला येईल असा ठेवला काय, तो सापडायला लागणारी अक्कल तेवढीच. मग उंची हा खेळातला अवघडपणा नव्हेच. कोण खेळणार, एवढंच ती ठरवते. डोंगराची उंची कुणी ठरवली नाही, डब्याची मात्र लपवणाऱ्यानं ठरवली.

दीपगृहाच्या जिन्याचं काय? खांदेरी बेटावरचं दीपगृह १८६७चं. तिथं आधी होडी, मग पायऱ्या. असली प्रत्येक जुनी वास्तू फोडून लिफ्ट बसवा, असं मी म्हणणार नाही. पण दीपगृह चढण्यासाठी बांधलेलंच नसतं, ते लांबून वाचण्यासाठी असतं. प्रत्येक दिव्याच्या उघडझापेची लय वेगळी, खलाशी त्यावरून दीपगृह ओळखतात. म्हणून आमचं कोडं असं : अंधार पडल्यावर रस्त्यावरून ती लय मोजायची, त्या सेकंदांतून डब्याच्या कुलपाचा नंबर काढायचा. यावरही मित्राची शंका होतीच. बाकीचे वर जाऊन समुद्र बघणार आणि तो खाली सेकंद मोजणार, हे समाधानाचं बक्षीस तर नाही? म्हणून ठरलं, कोडं सगळ्यांनी खालूनच सोडवायचं.

सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते राहू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी म्हटलं. ते सरकारला लागू. झुडपात डबा लपवणाऱ्या माझ्यावर कसलं बंधन? माझ्या मते, लिहिलेल्या आकड्याचं. जागा मी पाहिलेली असते, शोधणारा फक्त विश्वासावर निघतो. प्रामाणिक ४ वाचून तो तयारीनं येईल किंवा येणार नाही. खोटा १ त्याला अख्खा घाट उतरवून शेवटच्या एका पायरीपाशी थांबवतो. "जवळजवळ सुगम्य" हा शब्द चालणाऱ्या माणसांनीच काढला असणार.

पुढच्या शनिवारी मी टेप घेऊन एकटाच जाऊन येणार आहे. दिवा दिसेल अशी डांबरी जागा शोधायची, चढ मोजायचा, वाळू कुठून सुरू होते ते बघायचं. मित्रानं यादीत पहिलं काम वेगळंच लिहिलंय : वाटेतल्या टॉयलेटच्या दाराची रुंदी. ती कळली नाही, तर तो सकाळपासून पाणी पीत नाही.