टाळीची उधारी

माणसाला काय आवडते हे त्याला विचारून कळत नाही. तो टाळी कोठे वाजवतो हे पाहावे. टाळी विचार करून वाजत नाही. ती आधी वाजते. ज्याला ती दिली त्याला आपल्या घरी पाटावर बसवावे की नाही, हा विचार माणूस परतीच्या वाटेवर करतो. रंगमंच आणि घर यांच्यामधल्या या वाटेवर आपल्या मनात काय काय घडते, याविषयी या दिवाळीत वाचकांशी थोडे बोलावे असे वाटले.

आमचे बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे, जुन्या किल्ल्याच्या सावलीतले गाव. जगात कोठे काय गाजते याची वार्ता येथे पूर्वी उशिरा पोचत असे. आता मोबाईलमुळे ती त्याच रात्री पोचते. दक्षिण कोरियातल्या सात तरुणांचे 'बी.टी.एस.' नावाचे गायकमंडळ 2013 साली पुढे आले आणि पाहता पाहता जगभर गेले. आमच्या वर्गातल्या मुलींच्या वह्यांवरही त्यांची चित्रे चिकटलेली असतात. गालांना रंग, ओठांना लाली, कानांत डूल, केस कधी गुलाबी तर कधी निळे! एका पालकांनी अशी एक वही माझ्यापुढे धरली आणि विचारले, "गुरुजी, हे पोट्टे व्हय का पोट्ट्या?" शेजारी बसलेल्या तरुण शिक्षकांनी तत्काळ खुलासा केला की, हे सातही जण मुलगेच आहेत, आणि त्यांच्या देशाच्या कायद्याप्रमाणे करावी लागणारी सक्तीची सेवा सातही जणांनी 2025 च्या जूनपर्यंत पुरी केली आहे. पालकांचे समाधान झाले. चित्र वहीवर राहिले.

खुलासा खरा होता आणि सोयीचाही होता. पण त्या गृहस्थांनी गाणे कसे आहे हे विचारले नाही, मुलीला त्यात काय गोड वाटते हेही विचारले नाही. त्यांनी पुरुषत्वाचा दाखला मागितला, आणि तो मिळताच परवानगी दिली. हा दाखला आपण का मागतो?

ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांवर जीव ओवाळून टाकला, त्या महाराष्ट्रात तर हा प्रश्न अधिकच विचारण्यासारखा आहे. नारायण श्रीपाद राजहंस 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. पुढे भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा एकाहून एक भूमिका त्यांनी अजरामर केल्या. आज ज्याला आपण चाहत्यांचे वेड म्हणतो, ते सर्व तेव्हाही होते. त्यांच्या शालूची चापचोप, अंबाड्यातला गजरा, नथ घालण्याची ढब पाहून घरोघरच्या सुना-लेकी तसा शृंगार करू लागल्या. पुरुषांनी त्यांच्या नावाच्या टोप्या डोक्यावर चढवल्या. 1911 च्या मार्चमध्ये 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली, तरी रसिकांचा विरस नको म्हणून ते भामिनी होऊन उभे राहिले. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्याबरोबर त्यांनी 'संयुक्त मानापमान' केले. शालू नेसलेला हा पुरुष राष्ट्रकार्याला मदत करीत होता, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

यावर कोणी म्हणेल, "ती गरज होती. कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येत नव्हत्या, म्हणून पुरुषांना लुगडी नेसावी लागली." हे अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्या सत्यात एक अन्यायही दडलेला आहे. स्त्रीने कसे चालावे, कसे लाजावे, कसे रुसावे याचे धडे पुरुषांनी रंगमंचावरून द्यायचे. आणि खऱ्या स्त्रीने तेथे पाऊल टाकले तर तिच्या शीलाची चर्चा करायची! 1913 साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात तारामती झाले ते अण्णा साळुंके. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा त्या धैर्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली.

पण उरलेल्या अर्ध्या सत्याचे काय? निव्वळ गरज असती तर ती संपताच प्रेमही संपले असते. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. गरज संपत आली होती. 1935 साली 'धर्मात्मा' बोलपटात बालगंधर्व पुरुषवेषात, संत एकनाथ म्हणून आले. प्रेक्षकांचे मन तेथे पूर्वीसारखे रमले नाही. पन्नाशी उलटल्यावर, देह थकल्यावरही लोकांनी त्यांना पुन्हा शालूतच पाहिले आणि डोळे पुसले. त्या लोकांना स्त्रीवेष हा नाइलाज वाटत नव्हता. पुरुषाच्या देहातून प्रकटलेले ते मार्दव त्यांना हवेच होते.

हे वेड पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांपुरते होते असे मानून वऱ्हाडाला हात झटकता येणार नाहीत. आमच्या खेड्यांत दंडारीत मिसरूड फुटलेले पोर लुगडे नेसून रात्रभर नाचे आणि बायाबापड्या त्याच्यावरून बोटे मोडीत. अमरावती जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (1881–1915) हे स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानीत. त्यांनी कपाळी कुंकू लावले, गळ्यात मंगळसूत्र घातले आणि शंभरावर ग्रंथ रचले. वऱ्हाडाने त्यांच्यापुढे माथा टेकला, आजही टेकतो.

मग आपण मोठे उदार आहोत असे समजावे काय? येथे गणपत पाटील आठवतात. तमाशापटांतला नाच्या म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे त्यांचीच मूर्ती येते. 2008 साली त्यांचे निधन झाले. ते संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ. परंतु पडद्यावरचे सोंग लोकांनी त्यांच्या अंगाला कायमचे चिकटवून टाकले, आणि त्या हशाचा जाच त्यांना आणि घरच्यांना सोसावा लागला. बालगंधर्वांचे आणि त्यांचे काम तत्त्वतः एकच, पुरुषाने स्त्रीत्व दाखवण्याचे. एकाला शालू होता, नाट्यपदे होती, प्रतिष्ठितांची पहिली रांग होती. दुसऱ्याच्या वाट्याला फड आणि शिट्ट्या. म्हणजे आपली उदारता वेषाला भिऊन थांबत नाही, ती प्रतिष्ठा पाहून पुढे सरकते. संताला भक्तीचे, नटाला कलेचे, परदेशी गायकाला कीर्तीचे आवरण असते. त्या आवरणाखाली आपण सर्व काही खपवून घेतो.

ज्याला हे आवरण नाही, तो मात्र उघडा पडतो. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्या मुलाने स्नेहसंमेलनात गवळण होऊन 'वन्स मोअर' घेतला, त्यालाच दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत 'बायल्या' म्हणून हाका पडतात. टाळ्या वाजवणारे हात आणि हाका मारणारी तोंडे एकाच अंगाची असतात. कोणाचा आवाज मुळातच नाजूक असतो, कोणाचे हातवारे लवचीक असतात. त्या मुलाने तर कोणतेच सोंग घेतलेले नसते. असा मुलगा हळूहळू मागच्या बाकावर जातो, प्रश्नाचे उत्तर येत असूनही हात वर करीत नाही, आणि एके दिवशी शाळेत यायचाच बंद होतो. घरी विचारले तर पोट दुखते असे सांगतात.

'बायल्या' हा शब्द जरा उलटून पाहावा. मुलगी धीट निघाली तर आपण कौतुकाने म्हणतो, "पोरगी नाही, मुलगा आहे हा आमचा!" मुलगा मृदू निघाला तर मात्र तीच तुलना शिवी होते. म्हणजे पुरुषासारखे होणे ही बढती आणि बाईसारखे होणे ही घसरण, असा हिशोब आपण मनात मांडून ठेवला आहे. ही शिवी त्या मुलाला लागते खरी. पण तिचा खरा नेम चकल्या तळत बसलेल्या त्याच्या आईवर, रांगोळी काढणाऱ्या त्याच्या बहिणीवर असतो. त्यांच्यासारखे असणे हलके नसते, तर ही शिवी झालीच नसती.

दाखल्याशिवाय मान देता येतो काय? याचे उत्तर आमच्या मेळघाटाच्या आसपासच रेंगाळते आहे. चिखलदरा म्हणजे कीचकदरा, भीमाने कीचकाला मारून टाकले ती दरी, आणि जवळचे वैराट ही विराटाची नगरी, असे आमच्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्या विराटाच्या दरबारी अज्ञातवासातला अर्जुन बृहन्नडा होऊन आला: लांब केस, हातात बांगड्या. हा अर्जुन आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण ती कथा निश्चिंतपणे ऐकतो. विराटाला ते ठाऊक नव्हते. समोरची व्यक्ती पुरुष नाही, हेच तो खरे मानून चालला होता. त्याने तिची नृत्यगायनातली परीक्षा घेतली, गुण पाहिला आणि आपली लाडकी उत्तरा तिच्या हाती शिकायला सोपवली. त्याने मान दिला तो बृहन्नडेला. अर्जुन कोण हे पुढे कळले; मान आधीच देऊन झाला होता.

रसिकपणाची कसोटी मला येथे दिसते. कलावंताकडून आपण जे घेतो त्याची किंमत तिकिटाने फिटत नाही. त्याने ज्या गोष्टीने आपल्याला रिझवले, तीच गोष्ट आपल्या गल्लीतल्या एखाद्या सामान्य, अनाम, बेसूर गाणाऱ्या पोरात दिसली, तर तिला सांभाळून घेणे हे त्या आनंदाचे देणे आहे. ते न देता उठून जाणे म्हणजे गुत्त्यावर पिऊन गुत्तेवाल्यालाच शिव्या देण्यासारखे आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या पेठेतले व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. त्याआधी जुन्या वहीतली उधारी नजरेखालून घालतात. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे. येणे सर्वांच्याच लक्षात राहते. देणे लिहून ठेवावे लागते. टाळ्यांचे हे देणे शंभरावर वर्षांचे थकलेले आहे, आणि ज्यांना ते पोचवायचे ते आपल्या घरापासून फार लांब राहत नाहीत.