साधनशुचिता आणि झाकलेला सांधा

'साधनशुचिता' हा शब्द आपल्या कानांवर मुख्यतः राजकारणाच्या संदर्भात पडत आला आहे. स्वराज्य हे साध्य, सत्याग्रह हे साधन, आणि साधन मलिन असेल तर साध्यही मलिन झाल्यावाचून राहत नाही, हा त्यातला मूळ विचार. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये साधन आणि साध्य यांचे नाते बीज आणि वृक्ष यांच्या नात्यासारखे आहे असे मांडले, आणि पुढे मराठी विचारवंतांनीही त्यावर पुष्कळ ऊहापोह केला. पण या चर्चेत एक साधी गोष्ट सहसा नजरेआड राहिली. 'साधन' या शब्दाचा आपल्या रोजच्या बोलण्यातला एक अर्थ हत्यार किंवा अवजार असा आहे. सुताराचा रंधा हे साधन, शिंप्याची कात्री हे साधन. मग असा प्रश्न विचारता येईल की हत्यार निवडण्याच्या अगदी ऐहिक कृतीतही शुचितेचा काही प्रश्न असतो काय? की तेथे सोय, किंमत आणि उपयोग एवढ्यांचा विचार केला म्हणजे पुरते?

उत्तर शोधण्यासाठी उदाहरण मुद्दामच सामान्य घेऊ. मोटारगाडीच्या बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत आणि बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत जाड तांब्याच्या केबल असतात. जुनी गाडी बाळगणारे, बॅटरीची जागा बदलणारे किंवा दुसरी बॅटरी बसवणारे हौशी लोक या केबल पुष्कळदा घरीच तयार करतात. पंचवीस, पस्तीस किंवा पन्नास चौरस मिलिमीटरची केबल आणायची, तिच्या टोकाचे आवरण सोलायचे, तांब्याचा लग, म्हणजे दुकानदार ज्याला थिंबल म्हणतात तो, त्या टोकावर चढवायचा आणि त्याची नळी दाबून पक्की करायची. या दाबण्याला क्रिम्पिंग म्हणतात. वरून उष्णतेने आक्रसणारी काळी नळी चढवली की काम संपते. प्रश्न एवढाच उरतो की दाबायचे कशाने?

बाजारात उत्तरे अनेक आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे पोलादी ठोकळा आणि त्यातील खिळा. ठोकळ्यात लग ठेवायचा आणि खिळ्यावर हातोडी मारायची. त्यानंतर बोल्ट कापण्याच्या कातरीसारखे लांब दांड्यांचे हत्यार येते. त्याच्या जबड्यात निरनिराळ्या मापांचे साचे असतात. त्याहून पुढचे म्हणजे हाताने पंप मारायचे हायड्रॉलिक हत्यार. ते आठ-दहा टनांचा दाब देते म्हणून विकले जाते आणि लगाच्या नळीला चारी बाजूंनी षट्कोनी आकारात आवळते. ज्यांना यांपैकी काहीच नको असते ते सोल्डर वितळवून लगात ओततात, किंवा पक्कड आणि व्हाइस यांवर भागवतात.

हे सगळे सांगण्याचे कारण त्या सांध्यात काय पणाला लागलेले असते ते पाहिल्यावर कळेल. इंजिन सुरू करताना स्टार्टर काही क्षण दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. सांध्याचा रोध एक सहस्रांश ओहम असेल तर दोनशे अँपिअरला तेथे पाचवा हिस्सा व्होल्ट खर्ची पडतो आणि चाळीस वॉट उष्णता निर्माण होते. हाच रोध दहापट झाला, आणि प्रवाह तेवढाच राहिला असे धरले, तर बारापैकी दोन व्होल्ट तेथेच जिरतात आणि उष्णता चारशे वॉटवर जाते. घरातल्या साध्या इस्त्रीच्या जवळजवळ निम्मी उष्णता बोटभर जागेत! ती काही सेकंदच टिकते हे खरे, पण तापून थंड होणारा सैल सांधा दर वेळी थोडा अधिक सैल होतो, आत हवा आणि दमटपणा शिरतो, तांब्यावर ऑक्साइड चढतो, आणि पुढच्या वेळी रोध आणखी वाढलेला असतो. शिवाय बहुतेक जुन्या गाड्यांत स्टार्टरच्या या मुख्य केबलला फ्यूज नसतो. तिचे टोक निसटून सांगाड्याला टेकले तर बॅटरीची सगळी शक्ती तेथे मोकळी होते, आणि पेट्रोल व तेल यांच्या सहवासात त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

चांगला क्रिम्प म्हणजे केवळ घट्ट पकड नव्हे. पुरेसा दाब मिळाला की तारांचे शेकडो बारीक धागे आणि लगाची नळी ही दोन्ही आकार बदलतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो, धातूला धातू थेट भिडतो आणि मध्ये हवेला जागा उरत नाही. दाब कमी पडला तर पोकळ्या राहतात, आणि अधिक झाला तर धागे तुटतात, नळीला चिरा जातात. सोल्डरने पोकळ्या भरतात, पण सोल्डर केशाकर्षणाने केबलमध्ये वर चढते, लवचीक तारेला तेवढ्या भागात ताठ करते, आणि गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी तार नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटू लागते.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, दुसऱ्या भागात, ग्लॉकॉन एका मेंढपाळाच्या अंगठीची कथा सांगतो. ती अंगठी फिरवली की धारण करणारा अदृश्य होई. कोणी पाहत नाही अशी खात्री असताना माणूस न्यायाने वागेल काय, हा ग्लॉकॉनचा प्रश्न आहे. केबलच्या सांध्यावर चढवलेली काळी नळी ही तशीच अंगठी आहे. ती चढली की हातोडीने चेपलेला सांधा आणि नीट आवळलेला सांधा ही दोन्ही बाहेरून सारखीच गुळगुळीत दिसतात. जो माणूस झाकले जाणारे काम दिसणाऱ्या कामाइतक्याच काळजीने करतो तो सचोटीचा, असे म्हणून आपण येथे थांबू शकलो असतो. आपल्या परंपरेतला बोध बहुधा येथेच थांबतो.

परंतु या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. अंगठी कर्त्याला इतरांपासून लपवते, पण कर्त्याला स्वतःला तो काय करतो आहे ते पूर्ण ठाऊक असते. सांध्याचे तसे नाही. नळी चढवण्याआधीही त्याचे अंतरंग करणाऱ्यालाच दिसत नाही. मनात कसलेही कपट नसलेला, कष्टाळू आणि प्रामाणिक माणूस आतून पोकळ असलेला सांधा तयार करून निश्चिंत मनाने झोपी जाऊ शकतो. त्याचा हेतू शुद्ध असतो, आणि तरी सांधा फसवा असतो. म्हणून हेतूची शुद्धी येथे आवश्यक असली तरी पुरेशी नाही. आपल्याला दिसत नाही ते जाणून घेण्याचा मार्ग शोधणे हेही कर्तव्यच ठरते. साधनाच्या निवडीत नीतीचा प्रश्न शिरतो तो याच जागी. हत्यार निवडताना आपण केवळ शक्ती विकत घेत नाही. आपल्या कामाविषयी आपल्याला किती खात्रीने बोलता येईल तेही त्या निवडीने ठरते. हातोडीच्या घावाला माप नसते. त्याच ठोकळ्यावर दोन माणसांचे घाव निराळे पडतात, आणि एकाच माणसाचे सकाळचे व संध्याकाळचेही. साच्याचे दोन अर्ध एकमेकांना टेकेपर्यंत दाबणारे हत्यार मात्र दर वेळी तेवढेच दाबते. काही हत्यारांत तर अशी दातेरी चकती असते की दाब पूर्ण झाल्याखेरीज जबडा सुटतच नाही. ही रचना व्रतासारखी आहे. कंटाळा येईल, हात दुखेल, हे ओळखून माणसाने स्वतःला आधीच बांधून घेतलेले असते.

मग चांगले हत्यार घेतले की जबाबदारी संपली काय? व्यवहार सांगतो की नाही. स्वस्त हायड्रॉलिक हत्यारांबरोबर येणाऱ्या साच्यांवर कोरलेला आकडा आणि हाती असलेल्या लगाचे माप यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. पन्नास लिहिलेल्या साच्यात पन्नासचा लग सैल राहू शकतो, कारण निरनिराळे उत्पादक नळीची जाडी निरनिराळी ठेवतात. आकड्यावर विसंबणारा माणूस आपली जबाबदारी एका अनोळखी कारखान्यावर सोपवत असतो. जाणता माणूस काय करतो? तो त्याच केबलचा तुकडा आणि तसाच एक लग घेऊन नमुन्याचा सांधा तयार करतो, तो करवतीने आडवा कापतो आणि छेद पाहतो. धागे एकजीव होऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घट्ट बसलेले दिसले तर साचा योग्य. काळ्या फटी दिसल्या तर लहान साचा घ्यायचा. केबल बसवल्यावर इंजिन सुरू करताना मीटर लावून तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात तेही तो पाहतो. जे सांधे गाडीत जायचे आहेत ते उघडून पाहता येत नाहीत. म्हणून त्यांच्याच जातीचा एक सांधा मोडून पाहावा लागतो. त्या एका लगाची किंमत ही आपल्या शब्दाच्या खरेपणाची किंमत आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. शुचिता ही पैसेवाल्यांची चैन तर नव्हे? ठोकळा काही शे रुपयांत मिळतो, हायड्रॉलिक हत्याराला काही हजार पडतात. रस्त्याकडेचा ऑटो इलेक्ट्रिशियन वर्षानुवर्षे हातोडीने काम करतो आणि त्याच्या हातच्या केबल चालतात. त्याला अशुची म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उत्तर असे की शुचितेचे माप किंमत नाही. हातोडीने केलेला सांधा ओढून पाहणारा, अधूनमधून एखादा कापून आपला घाव पारखणारा कारागीर महागड्या हत्याराच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबणाऱ्यापेक्षा कितीतरी शुचि आहे. शिवाय हत्यार विकतच घ्यावे असेही नाही. दोन केबलींसाठी ते मागून आणता येते, किंवा सोललेली केबल आणि लग घेऊन, योग्य साचे असलेल्या विजेच्या सामानाच्या दुकानी दाबूनही घेता येते. 'माझीच गाडी आहे, मी काहीही करीन' हे समर्थन मात्र टिकत नाही. गाडीत इतर माणसे बसतात, ती दुसऱ्यांच्या दाराशी उभी राहते, आणि एक दिवस विकली जाते. काळ्या नळीखाली काय आहे हे नव्या मालकाला कधीच कळणार नसते.

आपल्या समाजापुरते येथे आणखी एक म्हणावेसे वाटते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांनी लेखणी आणि दप्तर यांवर प्रतिष्ठा मिळवली, आणि हातकामाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यामुळे थोडी वरून खाली अशी राहिली. वास्तविक याला छेद देणारी उदाहरणे आपल्याच अंगणातली आहेत. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी त्याची धुरा वाहिली. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून झाला. तरीही नीतीची चर्चा करताना आपली उदाहरणे राजे, संत आणि पुढारी यांचीच असतात. याची हानी हातकामाला होते त्याहून अधिक नीतिविचाराला होते. शब्दांचा पोकळपणा वक्तृत्वाने झाकता येतो, आणि तो उघडा पडण्यास पिढ्या लागू शकतात. तांबे इतकी मुदत देत नाही.

साधनशुचितेचा अर्थ म्हणून थोडा वाढवून घ्यावा लागेल. साधन मलिन नसावे एवढ्यावर न थांबता, साधन आपल्याला आपल्याच अज्ञानापासून किती सावध ठेवते हेही पाहिले पाहिजे. 'मी मनापासून केले' हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. त्यापुढचा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला नाही. तो असा की मनापासून केलेले ते काम आतून कसे आहे हे पाहण्यासाठी आपण काय कापून पाहिले?