दुसरे श्रवण

नवविधा भक्तीच्या क्रमात श्रवणाला पहिले आसन आहे, आणि आपण बहुतेक जण असे धरून चालतो की ते सर्वांत सोपे म्हणून पहिले. कीर्तनाला गळा लागतो, अर्चनाला साहित्य लागते, आत्मनिवेदनाला तर सगळे आयुष्यच लागते, श्रवणाला मात्र नुसते बसून राहिले की झाले. पण परंपरेने श्रवणभक्तीचा आदर्श म्हणून ज्याला पुढे केले तो परीक्षित राजा, सात दिवसांत मरण येणार हे ठाऊक असताना गंगेकाठी शुकाचार्यांसमोर बसला आणि त्याने ऐकण्यावाचून दुसरे काही केले नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे सोपेपणाचा भ्रम फिटतो. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिलाच समास श्रवणभक्तीला दिला, काय काय ऐकावे याची यादी वाचणाऱ्याला धाप लागेल इतकी लांबवली, आणि अखेरीस या सगळ्यातले सार घ्यावे, असार ओळखून टाकावे, यालाच श्रवणभक्ती म्हटले. म्हणजे श्रवण कानापाशी पुरे होत नाही. पहिल्या वेळी सगळेच आत शिरते, निवड होते ती दुसऱ्या वेळी, आणि या दुसऱ्या श्रवणासाठी कधी कधी मध्ये तीस-चाळीस वर्षे जावी लागतात. त्याचा जो दृष्टांत मी आज घेणार आहे तो काहींना विजोड वाटेल: गिटार वाजवणारा, आणि वाजवून झाल्यावर ती रंगमंचावर आपटून फोडणारा इंग्लंडचा पीट टाउनशेंड.

विजोड वाटेल, पण निदान आम्हा नगरकरांना वाटू नये. नगरहून दौंड रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर अरणगाव लागते, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून टेकडी चढले की मेहेरबाबांची समाधी येते. घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हे, आत १९३८ साली हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने रंगवलेल्या भिंती. या टेकडीच्या ओढीने देशोदेशीची माणसे आमच्या दुष्काळी मुलखात येत, आणि त्यांच्या झोळ्यांतल्या कॅसेटी हातोहाती फिरत कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचत. टाउनशेंडच्या ‘द हू’ या वाद्यवृंदाचे नाव आमच्या कानी आले ते असे. शब्द आम्हाला चार आण्यांइतके कळत, नाद मात्र सोळा आणे. आणि त्या वयात नाद पुरतो. हे पहिले श्रवण होते, आणि मी त्याला कमी लेखणार नाही, कारण समर्थांच्या यादीसारखेच तेही अधाशी होते, आणि अधाशीपणाने जे साठवले जाते त्यातूनच पुढे निवडायचे असते.

त्या नादाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. १९६४ साली लंडनच्या हॅरो भागातील एका हॉटेलात वाजवताना टाउनशेंडच्या गिटारीची मान ठेंगण्या छताला लागून मोडली, लोक हसतील या रागाने त्याने ती पुरतीच फोडली, आणि अपघाताचा पुढे विधी झाला. १९७६ च्या मे महिन्यात चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर या मंडळींचा आवाज ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल मोजला गेला आणि जगातली सर्वांत कर्कश मैफल म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंदला गेला. पुढे त्या पुस्तकाने हा प्रकारच बंद केला, कारण अशा विक्रमांच्या नादी लागून लोकांचे कान जातील. आता मौज पाहा, हा विक्रम ज्याच्या नावावर, तो तोवर कैक वर्षे अशा एका पुरुषाचा भक्त होता ज्याने जवळजवळ ४४ वर्षांत तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

१० जुलै १९२५ रोजी मेहेरबाबांनी अरणगावजवळच्या मेहेराबादेत मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. आरंभी ते लिहून सांगत. मग लेखणी ठेवली आणि इंग्रजी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवू लागले. १९५४ मध्ये फळीही बाजूला सारली, आणि उरले ते हातांचे संकेत, जे जवळ बसलेला शिष्य शब्दांत मांडून दाखवी. या मौनाचा महिमा गाणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्याच्या पलीकडच्या काठावरची माणसे अधिक विचारात पाडतात, ती म्हणजे ऐकणारी. बोलणारा बोलत असला की आपण ऐकत असतो असे मुळीच नाही. त्याचे अर्धे वाक्य होते न होते तोच उरलेले आपण मनात पुरे करून टाकतो आणि आपल्याच वाक्याला उत्तर देऊ लागतो. फळीवर एकेक अक्षराला बोट लागताना ही घाई चालत नाही. पुढचे अक्षर येईपर्यंत थांबावे लागते, तर्क बाजूला ठेवावा लागतो, आणि शब्द पुरा होईतो तो शब्द आपला नसतो. श्रवण म्हणजे हे थांबणे. नाद काढून घेतला म्हणून तिथे श्रवण आटले नाही, उलट श्रोत्याच्या वाट्याचे काम वाढले.

आणि याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके १२१२ मध्ये खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला व सच्चिदानंदबाबांनी तो ऐकत ऐकत उतरवून घेतला. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ बोललेला आहे, त्यात पावलोपावली श्रोता दिसतो, आणि नवव्या अध्यायाच्या तोंडीच वक्ता श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधान मागतो. ज्याने वाणीला असा ऐश्वर्याचा भर आणला त्यानेच अमृतानुभवात शब्दाचे थोरपण आधी मान्य करून मग त्याचे खंडनही केले. तेव्हा नेवासे वाणीचे आणि अरणगाव मौनाचे अशी वाटणी करू नये. दोन्ही ठिकाणी मागणी एकच आहे, आणि ती श्रोत्याकडे आहे.

टाउनशेंड मेहेरबाबांना कधी भेटला नाही. १९६७-६८ च्या सुमारास माइक मॅकइनर्नी नावाच्या चित्रकार मित्राकडून त्याला बाबांची ओळख झाली, आणि तो १९७२ मध्ये अरणगावच्या टेकडीवर आला तेव्हा बाबांना देह ठेवून तीन वर्षे झाली होती. त्या मधल्या काळातले त्याचे मोठे काम म्हणजे ‘टॉमी’, १९६९ च्या मे महिन्यात आलेली गीतमालिका, जिचे आवरणचित्र त्याच मॅकइनर्नीचे आणि जिच्या श्रेयनामावलीत अवतार म्हणून मेहेरबाबांचे नाव आहे. लहानग्या टॉमीला आरशात एक हत्या घडताना दिसते, घरची मोठी माणसे त्याला दटावतात की तू काही पाहिले नाहीस, ऐकले नाहीस, कोणाला काही सांगणार नाहीस, आणि ते पोर ही आज्ञा अक्षरशः पाळून आंधळे, बहिरे, मुके होते. तरुणपणी आम्ही ही गोष्ट चमत्कारिक म्हणून सोडून दिली होती. आज ऐकताना लक्षात येते की या मुलाचा कान बंद झाला तो ऐकण्यानेच. एक वाक्य त्याने इतके खोलवर ऐकले की दुसऱ्याला जागा उरली नाही. आपल्यापैकी किती जण लहानपणी ऐकलेल्या अशा एखाद्या वाक्याचे बहिरेपण घेऊन आयुष्यभर हिंडतात! टॉमीला मात्र बाहेरचा स्पर्श आत संगीत होऊन भेटतो. कान मिटलेला असताना श्रवण चालूच राहते. (मध्येच तो पिनबॉलचा विजेता होतो ते मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही, त्या खेळाच्या नादी असलेल्या एका समीक्षकाला कृती आवडावी म्हणून ते घातले, असे पुढे कळले.) पुढे तो बरा होतो, गुरू होऊन बसतो, शिष्य त्याच्यावर उलटतात, आणि सगळे गेल्यावर तो ज्याला आळवतो तो डोळ्यांना दिसत नाही.

श्रवणाचा पुढचा पदर आपल्या मराठी कानाला फार परिचयाचा आहे. १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’ या संग्रहात ‘बार्गेन’ नावाचे गाणे आहे. तू सापडावास म्हणून मी काय वाटेल ते देईन, आणि तरी सौदा माझ्याच फायद्याचा, असा त्याचा आशय. वीस वर्षांच्या पोराला यात कोणी तरी मुलगी दिसणार, दुसरे काय दिसणार? टाउनशेंडने पुढे सांगितले की ते देवाला उद्देशून आहे. ज्यांच्या घरात विरहिणी आणि गौळणी गायल्या गेल्या त्या आम्हाला हे सांगावे लागायला नको होते. विरहात तळमळणारी स्त्री म्हणजे जीव आणि न येणारा प्रियकर म्हणजे परमात्मा, हे आमच्या आज्यांना न शिकवता कळत असे. पण मराठीत जे कानाला आपोआप कळते ते परक्या भाषेत आणि ढोलांच्या दणक्यात कळायला दुसरे श्रवण लागते. याच संग्रहाच्या आरंभी ‘बाबा ओ’रायली’ आहे, ज्याच्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार, जो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. बाबांच्या आयुष्याची माहिती यंत्रात घालून तीतून स्वर काढावेत अशी टाउनशेंडची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात ऑर्गनवर एकच आकृती पुनःपुन्हा फिरत राहते. या गाण्याच्या बोलांत ‘बाबा’ हा शब्द एकदाही येत नाही. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक समारोपात ते सगळ्या जगाने ऐकले, अमेरिकन गुन्हेमालिकेच्या शीर्षकाला तर आठवड्यामागून आठवडे ऐकले, आणि त्या ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना अरणगावचे नाव ठाऊक असेल. नाम घेतलेले आहे, पण गाण्याच्या बाहेर ठेवले आहे. मला हे फार आवडते.

याच्या उलट ‘पर्वरदिगार’ या गाण्यात नाम उघड आहे. बाबांच्या चरित्रांत येते की १९१५ साली तरुण मेरवान इराणी, म्हणजे पुढचे मेहेरबाबा, शिर्डीला गेला तेव्हा साईबाबांच्या तोंडून हाच उद्गार निघाला, आणि तिथून तो जवळच्याच साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात आला. पुढे १९५३ मध्ये मेहेरबाबांनी मौनातच जी प्रार्थना फळीवरून सांगितली तिचे संबोधनही तेच, आणि १९७२ मध्ये टाउनशेंडने ‘हू केम फर्स्ट’ या आपल्या स्वतंत्र संग्रहात तीच प्रार्थना, थोडे शब्द इकडेतिकडे करून, गिटारीवर गायली. शिर्डीला उच्चारलेला, अरणगावच्या संताने न उच्चारता दिलेला, आणि लंडनच्या गायकाने पुन्हा उच्चारलेला असा हा शब्द माझ्या जिल्ह्यात मला अर्ध्या दिवसाच्या प्रवासात भेटतो. गाताना आवाज चढवायची टाउनशेंडची खोड इथे दिसत नाही. देवाच्या विशेषणांची जी लांब ओळ आहे ती तो एका चालीत म्हणत जातो. आपल्या घरी विष्णुसहस्रनाम म्हणणारा माणूस जसा एखाद्या नामावर अधिक जोर देत नाही, तसे. पहिल्या श्रवणात हे गाणे आम्हाला कंटाळवाणे वाटले होते, आणि कॅसेट पुढे सरकवली जाई.

भक्त झाला म्हणून त्याची वाट सरळ झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७८ मध्ये ‘द हू’चा ढोलवादक कीथ मून गेला. १९७९ च्या डिसेंबरात सिनसिनाटीत त्यांच्या मैफलीच्या दाराशी चेंगरून अकरा जण दगावले. त्यानंतरची काही वर्षे टाउनशेंड दारूत आणि मादक द्रव्यांत बुडाला होता, आणि हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या मेहेरबाबांनी साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुणांना गोळीतून देव मिळत नाही असे बजावले, त्यांचाच हा माणूस. यावरून श्रद्धेला दोष देणारे देतील. मला त्यात श्रवणाचेच वर्म दिसते: ऐकलेले आणि आचरणात उतरलेले यांच्यामध्ये मनन व निदिध्यास उभे आहेत, ते शास्त्रकारांनी उगाच घातलेले नाहीत, आणि एकदा ऐकून भागत असते तर पारायणाची चालच पडली नसती.

आता एक शेवटचा पदर, जो मला फार उशिरा उलगडला. मौन धरलेले मेहेरबाबा स्वतः मोठे श्रोते होते. कव्वाली त्यांना अतिशय प्रिय, आणि पाश्चात्त्य गाण्यांतले कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ व जिम रीव्हज यांनी गायलेले ‘देअर्ज अ हार्टएक फॉलोइंग मी’ हीही आवडती. टाउनशेंडने ही दोन्ही गाणी ध्वनिमुद्रित केली, पहिले बाबांच्या स्मरणार्थ १९७० मध्ये काढलेल्या संग्रहात, दुसरे ‘हू केम फर्स्ट’मध्ये, आणि दोन्ही त्याच्या स्वभावाच्या विरुद्ध जाणारी, मवाळ, जुन्या वळणाची. स्वतःला काय गावेसे वाटते ते बाजूला ठेवून, त्यांना काय ऐकावेसे वाटे ते त्याने गायले. आपण श्रवणभक्ती म्हणतो तेव्हा ऐकणारा भक्त आणि ऐकवणारा गुरू किंवा ग्रंथ, असे गृहीत असते. इथे ऐकणारा भगवंत आहे आणि भक्ताची साधना म्हणजे त्याच्या आवडीचा अंदाज घेणे. आरती झाल्यावर समाधीपाशी आजही कोणी अभंग म्हणतो, कोणी गझल, कोणी गिटार काढून इंग्रजी गाणे, आणि कोणाचे किती सुरात आहे हे तिथे कोणी पाहत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी हा माणूस तरुणपणी ऐकला असेल आणि पुन्हा ऐकावासा वाटत असेल त्यांनी, माझे ऐकाल तर, गाजलेल्या गाण्यांपासून सुरुवात करू नये. आधी ‘पर्वरदिगार’ घ्यावे, मग ‘बार्गेन’, आणि ‘टॉमी’ एखाद्या निवांत दिवशी आदीपासून अंतापर्यंत, मध्ये न थांबता. आणि आवाज बेताचा ठेवावा. टाउनशेंडला आता नीट ऐकू येत नाही, कानात सतत घणघण असते. मैफलींपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनांनी आपला कान नेला असे तो सांगतो, आणि तरुण मुलांनी ते कानाला लावून मोठ्याने ऐकू नये असे त्याने जाहीरपणे बजावले आहे. आमच्या घरातल्या नातवंडांना हे मी त्याच्या नावाने सांगतो, कारण माझ्या नावाने सांगितलेले ती ऐकत नाहीत.