न जन्मलेल्यांचे देणे

औषध कोणाच्या मालकीचे? ज्याने पैसे मोजले त्याच्या, असे आपण सहज म्हणतो. गोळी त्याची, हे खरे. पण प्रतिजैविकाच्या गोळीचा गुण सामाईक असतो आणि तो वापराने झिजतो. गरोदर बाईच्या लघवीच्या तपासणीत ही झीज उघडी पडते. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशयाचा दाब पडतो, लघवी तुंबते आणि जंतूंचे फावते. कित्येकींना ना जळजळ होते ना ताप येतो, तरी उपचार न झाल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. त्यात औषधांची निवड मुळातच तोकडी. टेट्रासायक्लिन बाळाच्या दातांसाठी वर्ज्य, सिप्रोफ्लॉक्सासिन शक्यतो टाळतात, नायट्रोफ्युरँटोइन दिवस भरत आल्यावर देत नाहीत. प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या बशीवर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडणार असेल तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण उमटते. जंतूंची साय थेट चकतीला भिडलेली दिसली, की ते औषध त्या बाईपुरते संपले.

आपल्या परंपरेत पितृऋण संततीने फिटते असे मानले आहे. माझ्या मते नुसता जन्म देऊन ते फिटत नाही. पुढचे जन्म सुखरूप व्हावेत यासाठी लागणारी साधने शाबूत ठेवणे हाही त्याच ऋणाचा भाग आहे. जो अजून जन्मलाच नाही त्याचे देणे कसे लागेल, असे कोणी विचारील. पण ज्या आईला आज औषध लागू पडत नाही, ती तर समोर उभी आहे. माझ्या एका पाकिटाने काय बिघडते, हा आक्षेपही टिकत नाही. सर्दीवर घेतलेल्या प्रतिजैविकामुळे आपल्याच आतड्यात त्याला दाद न देणारे जंतू महिनोन् महिने तग धरू शकतात, आणि मूत्रमार्गाचा संसर्ग बहुधा आतड्यातल्याच ई. कोलायमुळे होतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल व्याख्यानात दिलेले काल्पनिक उदाहरणही घरातलेच होते: घसा दुखतो म्हणून नवरा अपुरे पेनिसिलिन घेतो, आणि त्याच्याकडून लागण झालेली बायको पेनिसिलिन लागू न पडल्याने दगावते.

मग संयमाचे ओझे गरोदर बाईवर टाकायचे का? मुळीच नाही. लक्षणे नसली तरी लघवीत जंतू सापडल्यास तिला सात दिवस प्रतिजैविक द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांगितले आहे. तिचा हक्क पहिला. हात आखडायचा तो विषाणूंच्या सर्दीत, दुकानातून चिठ्ठीविना गोळ्या घेताना आणि कोंबड्यांच्या खाद्यात. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, ती याच न्यायाने योग्य होती. हा संयम शेवटी तिच्याच कामी येतो. लघवीच्या कल्चरचा, म्हणजे बशीवर जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात. ताप चढलेल्या बाईला तोवर थांबवता येत नाही. डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, आणि तो अंदाज बरोबर येणे आजूबाजूच्यांनी आधी काय काय गिळले आहे त्यावर अवलंबून असते.