प्रारब्ध की क्रियमाण?



अलिबागच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला ओहोटीची भीती नसते. पाणी मागे हटते, माणसे चालत कुलाबा किल्ल्यात जाऊन येतात, भरती पुन्हा आपली खूण गाठते. उत्तर ध्रुवावरच्या सागरी बर्फाचेही तसेच. फाल्गुनाच्या सुमारास तो सर्वांत जास्त पसरतो, भाद्रपदाच्या सुमारास सर्वांत कमी उरतो. हा सृष्टीचा नेम. त्याचा शोक कशाला?

पण १९७९ पासूनची उपग्रहांची नोंद सांगते, की तिथली भरती आता जुन्या खुणेला लागत नाही. १९८० च्या आसपास सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरे. २०१२ साली ३४ लाख उरला. म्हणजे जवळजवळ बारा महाराष्ट्रांएवढा गेला. नंतर थोडा सावरला, पण पूर्वपदावर आला नाही.

एका श्रोत्याने विचारले, ‘तरंगता बर्फ वितळून समुद्र चढत नाही, मग आपल्याला काय त्याचे?’ म्हणणे खरे आहे. पेल्यातला बर्फ विरघळला म्हणून पेला सांडत नाही. पण पांढरा बर्फ उन्हाला परत पाठवतो, उघडे काळे पाणी ते पिऊन टाकते. त्या तापाने ग्रीनलँडच्या जमिनीवरचा बर्फही सुटतो, आणि तो मात्र समुद्रात भर घालतो. मुळाशी आहे तो आपल्या कोळशा-तेलाचा धूर.

इथे माझी एक चूक सांगतो. खारेपाटात बांधाला खांड पडून एका शेतकऱ्याच्या भातात खारे पाणी शिरले. दोष थेट ध्रुवावर ढकलता येणार नाही. मी कीर्तनात सांगितले, ‘प्रारब्ध, बाबा, भोगूनच सरते.’ पन्नास वर्षे हेच सांगत आलो. पण शास्त्राने संचित आणि प्रारब्धाबरोबर क्रियमाणही सांगितले आहे, म्हणजे आज, या हातांनी घडते ते कर्म. धूर एकाने करावा, पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरावे, आणि बुवाने त्यालाच प्रारब्ध ऐकवावे, हा कुठला न्याय? चालू असलेल्या कर्माला मी सरलेल्या कर्माचे नाव दिले. ऐकणाऱ्याचे हात त्याने थांबतात. करणाऱ्याला तर बरेच वाटते.

आरतीनंतर तो शेतकरी पाया पडला आणि हळूच म्हणाला, “बुवा, प्रारब्ध असेल. पण बांधातलं खेकड्याचं बीळ आम्ही आषाढातच बघितलं होतं.”